आउटर सिग्नलवरच्या सात मात्रा

पहिलंच सांगून ठेवतो, मला वेड लागलेलं नाही. वय शहात्तर, डावा कान पूर्ण गेलेला, उजवा मशीनवर, दोन्ही गुडघे बदललेले. पण डोकं जागेवर आहे. हे मला आज ओरडून सांगावं लागतंय, आणि त्याला कारण ती 'अखंड' नावाची कंपनी. नुसतं नाव घेतलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

मी मुरलीधर झोपे, राहणार भुसावळ. रेल्वेच्या टेलिकॉम खात्यात छत्तीस वर्षं तारा जोडल्या. आणि तरुणपणी ड्रम वाजवले. आडनाव झोपे आणि काम अख्ख्या कॉलनीची झोप उडवायचं, असं लोक म्हणायचे. आम्ही चौघं होतो. नेल्सन परेरा गिटारवर, त्याचे वडील इंजिन ड्रायव्हर. बाकी दोघं लोको शेडमधले. बँडचं नाव 'रेड सिग्नल'. त्र्याऐंशीच्या डिसेंबरात रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये मुंबईहून मशीन आणून आम्ही तीन दिवसांत आठ गाणी रेकॉर्ड केली. अल्बमचं नाव 'फायरबॉक्स'. पाचशे कॅसेट निघाल्या, वाटल्या गेल्या, विषय संपला. तीस वर्षांनी कुण्या पोरांनी त्या इंटरनेटवर टाकल्या आणि आम्ही एकदम क्लासिक झालो. तोवर चौघांतले दोघे गेले होते. पुढे नेल्सनही गेला. मी उरलो.

त्यातलं तिसरं गाणं 'आउटर सिग्नल'. गाडी स्टेशनाबाहेर थांबते तशी गाण्यात सगळी वाद्यं एकदम थांबतात. झांजेची शेपटी तेवढी हवेत उरते. सात मात्रा शांतता. आणि मग चौघं एकदम कोसळतात. हार्ड रॉकवाले चार मोजतात, आठ मोजतात, सात कुणी मोजत नाही. म्हणून त्या सात मात्रांवर लोकांनी लेख लिहिले. झोपे म्हणजे काय टायमिंग, झोपे म्हणजे काय हिंमत!

डोंबल हिंमत. त्या सात मात्रा मी मोजल्याच नव्हत्या.

नेल्सननं गाणं असंच बांधलं होतं, त्याला स्वतःला ते सात आहेत हे ठाऊक नव्हतं. त्याच्या अंगात ते यायचं आणि माझ्या यायचं नाही. मी अकरा वेळा चुकलो. कधी आधी पडायचो, कधी नंतर. बाराव्यांदा नेल्सन गिटार माझ्या डोक्यात घालणार एवढ्यात मागून आवाज आला, "अरे, हा रूपक ताल आहे. सातच मात्रा आहेत."

इंदू होती. आमच्याच क्वार्टर्सच्या लाइनीत राहणारी, लहानपणापासून अरे-तुरेची. वडील गार्ड, पण जीव भजनी मंडळात, त्यामुळे पोरीच्या बोटांवर ताल खेळायचा. इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात पुस्तक बदलायला आली होती ती हॉलमध्ये शिरली. ती माझ्या मागं उभी राहिली आणि शांतता आली तशी माझ्या कानाशी हात धरून एकेका मात्रेला काचेच्या बांगड्या हलवत गेली. किण, किण, किण. सात झाले आणि मी हाणलं. पहिल्याच फटक्यात जमलं. आणि ड्रमवरचा माइक तिच्या मनगटापासून वीतभर अंतरावर होता, त्यामुळे त्या बांगड्या टेपवर उतरल्या. मी स्वतः हेडफोन लावून ऐकल्या. तेवीस वर्षांचे कान होते तेव्हा माझे.

"कुणाला सांगायचं नाही हं," ती म्हणाली. बिनलग्नाची पोरगी दुपारभर हॉलमध्ये ड्रमवाल्याच्या मागं उभी होती, हे कळलं असतं तर लाइनीतल्या बायकांना वर्षभराचं खाद्य मिळालं असतं. दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. लग्न ठरलं त्या दिवसापासून तिनं मला नावानं हाक मारणं सोडलं. मी 'अहो' झालो, पुढं 'विभाचे बाबा' झालो. पण शब्द म्हणजे शब्द. पन्नास वर्षं मी तोंड उघडलं नाही, आणि त्या सात मात्रांचं कौतुक फुकटात खात राहिलो.

तीन वर्षांपूर्वी इंदू गेली. मग एकानं मुलाखतीत ते सात मात्रांचं विचारलं आणि मी सांगून टाकलं. म्हटलं, आता कुणाची भीती? तिचं ते तिला मिळू दे.

आणि नेमका त्याच सुमाराला 'अखंड'नं 'फायरबॉक्स' लॉसलेसमध्ये काढला.

आता हे लॉसलेस प्रकरण समजून घ्या, कारण माझी सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. आवाज साठवायला जागा फार लागते. म्हणून जुन्या काळी एमपीथ्री काढली. त्यात माणसाला सहसा जाणवणार नाही असा आवाज काढून टाकायचे. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज, फार उंच पट्टीचा आवाज, सगळं केरात. गादीतला अर्धा कापूस उपसून गादी लहान करावी तसं. लॉसलेस म्हणजे कापूस तसाच ठेवून गादी दोरीनं करकचून बांधायची. पोचल्यावर दोरी सोडली की कणभरही कमी नाही. हा सरळ, प्रामाणिक धंदा होता.

'अखंड'नं काय केलं? त्यांनी गादी पाठवायचीच बंद केली. त्यांची यंत्रणा गाणं एकदा ऐकते आणि त्याची कृती लिहून ठेवते. अमुक झांज, तमुक जोरानं, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये. तुम्ही बटण दाबलं की त्या कृतीवरून गाणं जागच्या जागी नव्यानं घडवते. हजार लोकांना ऐकवलं, एकालाही फरक सांगता आला नाही, म्हणून कायद्यानं त्यालाच लॉसलेस म्हणायची परवानगी दिली! यंत्रणेला झांज कळते, गिटार कळते. जे ओळखू येत नाही, ते म्हणजे कचरा. खोकला, खुर्चीची करकर, पंखा. सगळं साफ.

माझ्या वाढदिवसाला विभा पुण्याहून आली ती महागाचे हेडफोन घेऊन. विभा माझी एकुलती एक पोरगी, सेहेचाळीस वर्षांची, कॉलेजात शिकवते. म्हणाली, "बाबा, मूळ मास्टर टेपवरून केलाय म्हणे. ऐका तरी."

"मी कसला ऐकतोय. तू ऐक. तिसरं गाणं लाव, आणि शांतता आली की नीट कान दे."

माझं असं झालंय की कानाच्या आत शंखासारखी नळी असते, तिच्यात बारीक केसांच्या पेशी. उंच आवाजाच्या पेशी अगदी दाराशी, म्हणून आयुष्यभराचे धक्के आधी त्या खातात. झांजांपाशी दहा वर्षं काढलेल्या माणसाच्या दाराशी कुणी जिवंत राहत नाही. बांगडी माझ्या कानाशी फोडली तरी मला कळणार नाही. म्हणून विभाचे कान हवे होते.

तिनं ऐकलं. मागं घेऊन परत ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं.

"आल्या ऐकू?"

"काय, बाबा?"

"बांगड्या! तुझ्या आईच्या बांगड्या!"

तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. हळूच म्हणाली, "बाबा, तिथं काहीच नाहीये."

मी कंपनीला पत्र लिहिलं. वारसा विभागातल्या ईशान नावाच्या माणसाचा फोन आला. गोड बोलतात लेकाचे, तिथंच अर्धं डोकं उठतं.

"सर, तुमचा आदर आहेच. पण आमच्या प्रणालीनुसार त्या जागी पूर्ण शांतता आहे."

"तुमची प्रणाली होती का तिथं? मी होतो."

"सर, मूळ मास्टरमध्येच—"

"कुठला मूळ मास्टर? टेप त्र्याऐंशीतच मुंबईला गेली ती परत आली नाही. आम्ही सगळ्यांनी ती पुसली गेली म्हणून सोडून दिली. तुमच्याकडे आली कुठून? कॅसेटवरून केलंय तुम्ही! कॅसेटच्या खरखरीत बांगडी सापडेल कशी?"

"सर, उपलब्ध सर्वोत्तम स्रोताला आम्ही मूळ मास्टर म्हणतो."

असं म्हणाला! तोंड वर करून! मी फोन आपटला, तर दुसऱ्या दिवशी त्यांचं लेखी उत्तर. संबंधित ठिकाणी कोणताही ध्वनी अस्तित्वात नव्हता. नव्हता! 'सापडला नाही' असं लिहायलाही यांना जड जातं. ते पत्र लोकांत पसरलं. चाहते म्हणवणारे लिहायला लागले की म्हातारा बायको गेल्यापासून भ्रमिष्ट झालाय, काहीही बोलतो.

आणि खरा घाव पुढंच होता. विभानं मला डॉक्टरकडे नेलं. त्या बाईनं मला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं. मी सगळं चोख केलं. बाहेर आलो आणि विभाच्या हातातली फाइल ओढली. त्यात लिहिलं होतं, न घडलेल्या गोष्टी घडल्याचं ठामपणे सांगतात. पुराव्यादाखल 'अखंड'चं पत्र जोडलेलं. जोडणारी माझी पोरगी.

"विभा, हे तू दिलंस?"

"बाबा, मला काळजी वाटते हो. इथं एकटे राहता, गॅस चालू राहिला तर? पुण्याला चांगली जागा बघितलीय, चोवीस तास माणसं असतात."

"मला खोटं पाडून नेणार तू? सरळ म्हण ना, बाबा म्हातारे झालात, चला. मी विचार केला असता. पण तुझी आई तिथं नव्हतीच असं लिहून घेऊन नेणार?"

ती रडायला लागली. मला तिचा राग आला होता आणि तिची दयाही, आणि त्या दयेचा आणखी राग.

मे महिन्यात ती घर आवरायला आली. पुण्याच्या त्या जागेच्या कागदांवर मी सही केली नव्हती, पण ती आवरतच होती. मागच्या खोलीत इंदूची धान्याची पत्र्याची कोठी आहे. इंदू गेल्यावर मी ती उघडली नव्हती. विभानं तळातला कडुनिंबाचा सुका पाला उपसला आणि हाक मारली, "बाबा, हा डबा कसला?"

चपटा चौकोनी डबा, जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळलेला. आत रील. पुठ्ठ्यावर नेल्सनच्या तिरक्या अक्षरात, फायरबॉक्स, मास्टर.

मी तिथंच जमिनीवर बसलो. ही बाई! मुंबईहून कधी आणवली, कुणाकरवी आणवली, काही कळायला मार्ग नाही. आपल्या बांगड्या परक्या माणसांच्या कपाटात नकोत म्हणून आणली असणार, आणि धान्याला कीड लागू नये म्हणून जे करतात तेच टेपला केलं. पन्नास वर्षं माझ्या उशापासून दहा पावलांवर ठेवली आणि मला चकार शब्द नाही! मी कोठीवर दोन बुक्क्या मारल्या. मेलेल्या बायकोवर इतका रागावलेला माणूस भुसावळात दुसरा नसेल.

विभानं, मला न विचारता, 'अखंड'ला कळवलं. तासाभरात ईशानचा फोन. आवाजात लगबग. "सर, टेपला हात लावू नका. आमची माणसं येतील, प्रयोगशाळेत नेऊ, अगदी व्यवस्थित—"

"व्यवस्थित काय कराल? परत तुमच्या यंत्राला ऐकवाल. ते म्हणेल कचरा. मग टेप पण गेली आणि इंदू पण गेली. ठेवा फोन."

"पण बाबा," विभा म्हणाली, "वाजणार कशी ही?"

हा प्रश्न खरा होता. त्या काळच्या टेपचा एक रोग असतो. प्लास्टिकच्या पट्टीवर लोखंडाची भुकटी ज्या गोंदानं चिकटवलेली असते तो गोंद वर्षानुवर्षं हवेतली ओल पितो आणि चिकट होतो. तशीच मशीनवर चढवली तर भुकटी खरवडून निघते आणि तिच्यासोबत आवाज. उपाय एकच, टेप भाजायची. पन्नास-पंचावन्न अंशांच्या कोरड्या उष्णतेत दिवसभर ठेवली की ओल निघून जाते आणि काही काळ ती वाजते. परदेशात यासाठी खास भट्ट्या असतात. आम्हाला भट्टी कशाला? आम्ही भुसावळात राहतो, आणि मे महिना चालू होता.

मी रील काढून स्वच्छ पत्र्याच्या डब्यात ठेवलं, झाकणाला भोक पाडून थर्मामीटर खुपसला आणि गच्चीवर गेलो. शेजारणीनं आमच्या गच्चीवर उडदाचे पापड घातले होते. चादरीचं एक टोक सरकवून तिथं डबा मांडला. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत, डोक्याला ओला पंचा बांधून बसलो. पारा पंचावन्नवर गेला की डबा सावलीत, पन्नासच्या खाली आला की उन्हात. दर अर्ध्या तासानं रील उलटं. शेजारीण वर येऊन बघून गेली. खाली जाऊन विभाला काय म्हणाली असेल ते मला सांगायला नको.

विभा दुपारी ताक घेऊन आली. "बाबा, लोकं बघताहेत."

"बघू दे. तुझ्या त्या फाइलीत हेही लिही. म्हातारा पापडांसोबत गाणी वाळवतो."

ती बाजूला बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "पंचावन्न झालंय." आणि तिनं स्वतः उठून डबा सावलीत सरकवला.

दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत, कोठीसमोर मशीन लावलं. रेल्वेनं मोडीत काढलेलं रील मशीन मी नोकरीत असताना दुरुस्त करून ठेवलं होतं. त्यात कसली चिप नाही, कसली साफसफाई नाही. वायरचे हेडफोन विभाच्या कानाला लावले. तिनं विचारलं, "फोनवर रेकॉर्ड करू का?" मी म्हटलं, कर, करून बघ. तिनं फोन स्पीकरसमोर ठेवला.

टेप जुनी होती, माझ्या भाजण्यानंही पुरती सुधारली नव्हती. चाक फिरायला लागलं तशी तपकिरी भुकटी मशीनवर सांडायला लागली. मी तिथंच ओळखलं, ही एकदाच वाजणार. पहिलं गाणं, दुसरं गाणं. मला मशीनच्या लाकडाला लावलेल्या हातातून नुसते ठोके कळत होते. ते माझेच ठोके होते. तिसरं सुरू झालं. मी विभाच्या तोंडाकडे बघत बसलो.

हाताखालचे ठोके थांबले.

विभाचे डोळे मोठे झाले. तिचा हात नकळत वर आला आणि बोट हवेत हलायला लागलं. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. मग बोट थांबलं, तोंड उघडं पडलं, आणि माझ्या तळहाताखाली लाकूड दणाणलं.

चौथं गाणं अर्ध्यावर आलं आणि टेप तुटली. विभा हेडफोन तसेच लावून बसली होती, गालांवरून पाणी वाहत होतं. मी आधी फोन उचलला. फोनवर आवाजाची रेघ दिसते ना, ती बघितली. गिटारचे डोंगर, ड्रमचे डोंगर, आणि मधे त्या सात मात्रांच्या जागी सपाट रेघ. त्या फोननंही साफ करून टाकलं होतं! एवढ्याशा माइकपासून यांची झाडलोट सुरू! मी फोन भिंतीवर फेकायला हात उगारला.

विभानं माझं मनगट धरलं. "असू दे, बाबा. मी ऐकलंय."

"ऐकलंस ना? सात ना?"

तिनं मान हलवली. "नाही. सहा."

"काय बोलतेस? सात! मी पन्नास वर्षं—"

"बाबा, सहाच वाजल्या. सातव्याला आई हळूच बोलली."

माझा हात खाली आला. "बोलली? काय बोलली?"

विभाला हुंदका आवरेना. म्हणाली ते मला ऐकूच आलं नाही. नुसते ओठ हलले. माझ्या या दळभद्री कानांचा मला असा संताप कधी आला नव्हता. "मोठ्यानं बोल!" मी ओरडलो. "मला ऐकू येत नाही, विभा, मोठ्यानं बोल!"

ती माझ्या उजव्या बाजूला आली. कानाशी दोन्ही हातांचा कर्णा केला आणि फुप्फुसं फाटतील एवढ्या जोरानं ओरडली.

"हाण, मुरली!"

मी समोरच्या कोठीवर दोन्ही हातांनी हाणलं.